विश्लेषण : विद्यापीठाच्या आवारात सायकल कुठे चालते, कुठे गंजते?

पुण्याच्या विद्यापीठात भाड्याच्या सायकली वाजतगाजत आल्या आणि थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. आयआयटींच्या आवारांत आणि अमेरिकेतल्या डेव्हिस या छोट्या शहरात मात्र साधी सायकल पिढ्यान्‌पिढ्या चालते आहे. हा फरक कशामुळे पडतो?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे गणेशखिंडीतील आवार ४११ एकरांचे आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे ८५३ एकरांचे, तर छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे ७०० एकरांहून अधिक. प्रवेशाच्या दिवशी पालक ही झाडी आणि हे प्रशस्त रस्ते पाहून खूश होतात. पहिला आठवडा सरला की मुलांच्या लक्षात येते, बस फाटकाशी सोडते आणि खरा प्रवास तिथून पुढे सुरू होतो. विभाग एका टोकाला, ग्रंथालय दुसऱ्या, वसतिगृह तिसऱ्या आणि मेस यांपैकी कशाच्याच जवळ नाही.

हिशेब किती मिनिटांचा?

माणूस सहज चालीने तासाला पाच किलोमीटर जातो. म्हणजे दीड किलोमीटरला १८ मिनिटे. हेच अंतर साध्या सायकलवर, तासाला १२ ते १५ किलोमीटरच्या निवांत वेगाने, सहा ते साडेसात मिनिटांत कापता येते. वसतिगृह ते विभाग, विभाग ते मेस, मेस ते ग्रंथालय आणि रात्री परत वसतिगृह अशा दीड-दीड किलोमीटरच्या चार फेऱ्या धरल्या तर दिवसाला चालण्यात ७२ मिनिटे जातात, सायकलवर २४ ते ३०. रोजची ४० मिनिटांहून अधिक बचत. ‘कमवा व शिका’ योजनेत तासाच्या हिशेबाने मानधन घेणाऱ्या आणि रात्री ग्रंथालय बंद होईपर्यंत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला ही ४० मिनिटे काय किमतीची, हे वेगळे सांगायला नको.

चालणे तब्येतीला चांगले, हे खरेच. पण दोन तासिकांमध्ये दहा मिनिटांची सुट्टी असेल आणि पुढची तासिका दुसऱ्या इमारतीत असेल, तर चालणारा उशिरा पोहोचणार हे ठरलेले. म्हणून मग दुचाकी येते. एक लाखाच्या घरातली गाडी, शिवाय पेट्रोल आणि विमा. ज्यांना ते परवडत नाही ते मित्राच्या मागच्या सीटवर किंवा पायी. विद्यापीठाच्या आवारात कोण कसे फिरते, यावरून त्याच्या घरची परिस्थिती बरीचशी कळते.

पुण्यात २०१७ मध्ये काय झाले?

डिसेंबर २०१७ मध्ये पुण्यातली सार्वजनिक भाडे-सायकल योजना सुरू झाली ती औंध परिसरात आणि विद्यापीठाच्या आवारात. कल्पना साधी होती. मोबाइलवर अ‍ॅप उतरवायचे, सायकलच्या कुलपावरचा क्यूआर कोड टिपायचा, कुलूप उघडले की निघायचे. पोहोचलो की सायकल तिथेच लावून कुलूप बंद करायचे. भाडे नाममात्र. झूमकारची ‘पेडल’, चीनची ‘ओफो’, पुढे ‘मोबाइक’ आणि ‘युलू’ अशा कंपन्या एकामागोमाग आल्या. ‘सायकलींचे शहर’ ही जुनी ओळख पुण्याला परत मिळणार, अशी चर्चा तेव्हा रंगली होती.

जुलै २०१८ मध्ये ओफोने भारतातून काढता पाय घेतला. मोबाइक २०१९ मध्ये गेली. पेडलही बंद पडली. युलूने आपला भर विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांवर वळवला. मागे राहिल्या त्या मोडलेल्या कुलपांच्या, सीट काढून नेलेल्या, कुठल्यातरी सोसायटीच्या आवारात आत नेऊन ठेवलेल्या रंगीत सायकली आणि ‘पुणेकरांना शिस्त नाही’ हा ठरलेला निष्कर्ष. हा निष्कर्ष सोपा असला तरी अपुरा आहे. कारण तेव्हा ज्या गोष्टी पुण्यात घडल्या, त्याच बीजिंगमध्ये घडल्या, युरोपात घडल्या आणि बऱ्याच मोठ्या प्रमाणावर घडल्या.

भाड्याच्या सायकलीची कल्पना आली कुठून?

गंमत अशी की, या कल्पनेचे दोन महत्त्वाचे टप्पे विद्यापीठांच्याच आवारात पार पडले आहेत.

पहिला प्रयोग विद्यापीठातला नव्हता. १९६५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘प्रोव्हो’ या बंडखोर तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर सोडल्या. कुलूप नाही, भाडे नाही, ज्याला हवी त्याने घ्यावी. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण कुलूप नसलेली सायकल म्हणजे चोरीला निमंत्रण! १९९५ मध्ये कोपनहेगनने नाणे टाकून सुटणारी सायकल आणली. नाणे परत मिळावे म्हणून लोक सायकल जागेवर आणून लावतील, असा तर्क. पण सायकल कोणी नेली हे नाण्यावरून कळत नाही, त्यामुळे चोरी थांबली नाही. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठाने ‘बाइकअबाउट’ नावाची योजना सुरू केली. तिथे विद्यार्थ्याला चुंबकीय पट्टीचे कार्ड दिले जाई आणि ते वापरूनच सायकल सुटे. म्हणजे सायकल कोणाच्या नावावर गेली याची प्रथमच नोंद होऊ लागली. आज जगभरातल्या शहरांत चालणाऱ्या योजनांचा हा पूर्वज.

दुसरा टप्पा बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातला. ओफो ही कंपनी २०१४ मध्ये तिथल्याच सायकलवेड्या विद्यार्थ्यांनी काढली. सुरुवातीची योजना विद्यार्थ्यांना शोभेल अशीच होती. तुम्ही तुमची सायकल सामाईक साठ्यात द्या, त्या बदल्यात आवारातली कोणतीही सायकल वापरा. वसतिगृहाखाली दिवसभर उभ्या राहणाऱ्या हजारो सायकली एरवी पडूनच असतात, हे त्यांनी हेरले होते. ही कल्पना आवारापुरती होती तोवर शहाणपणाची होती. मग गुंतवणूकदारांचा पैसा आला, पिवळ्या सायकलींचे कारखाने सुरू झाले आणि सामाईक साठ्याची जागा नव्या सायकलींच्या ढिगाने घेतली.

मग ती कोसळली का?

भाड्याच्या सायकलीचा धंदा अर्ध्या तासाच्या एक-दोन रुपयांवर किंवा युआनवर चालत नाही. सायकल घ्यायला पैसा लागतो. पण खरा खर्च नंतरचा असतो. पंक्चर काढणे, चेनला तेल, ब्रेकची रबरे बदलणे आणि सर्वांत महागाचे म्हणजे चुकीच्या ठिकाणी साचलेल्या सायकली टेम्पोत घालून योग्य ठिकाणी नेऊन ठेवणे. सकाळी सगळे फाटकाकडून विभागांकडे जातात. दहा वाजता फाटकाशी एकही सायकल उरत नाही आणि विभागांसमोर रीघ लागते. संध्याकाळी उलट. हा टेम्पो रोज फिरला नाही तर योजना आठवड्यात कुचकामी होते, कारण दोनदा फाटकाशी आलो आणि सायकल मिळाली नाही, की तिसऱ्यांदा कोणी अ‍ॅप उघडत नाही.

ओफोचा डोलारा वापरकर्त्यांच्या अनामत रकमेवर आणि नव्या गुंतवणुकीवर उभा होता. २०१८ च्या अखेरीस ती आटली तेव्हा अनामत परत मागणाऱ्यांची बीजिंगच्या कार्यालयाबाहेर रांग लागली आणि ऑनलाइन प्रतीक्षा यादी एक कोटीवर गेली. त्या यादीपुढे पुण्यातली पडकी कुलपे किरकोळच म्हणायची. कंपनी बुडाली ती स्वतःच्या हिशेबाने. विद्यापीठाच्या वाट्याला मात्र एक वाईट धडा आला. ‘सायकलचा प्रयोग आम्ही करून पाहिला, चालला नाही,’ हे वाक्य आता कोणत्याही बैठकीत पुरते. वास्तविक प्रयोग सायकलचा नव्हता, भाड्याच्या एका विशिष्ट धंद्याचा होता.

डेव्हिसने काय वेगळे केले?

सायकलचा खरा प्रयोग पाहायचा तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसकडे जावे लागते. सॅक्रामेंटो खोऱ्यातले हे सपाट भूमीवरचे शहर, लोकसंख्या जेमतेम ६५ ते ७० हजार. कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिस शाखा हेच त्याचे सर्वस्व. शेतकी शिक्षणासाठी निघालेल्या या संस्थेचे १९५९ मध्ये पूर्ण विद्यापीठात रूपांतर झाले आणि विद्यार्थी झपाट्याने वाढणार हे दिसू लागले. तेव्हाचे चॅन्सेलर एमिल म्राक यांनी आराखडा करणाऱ्यांना सांगितले, आवार सायकलवाल्यांसाठी आखा. लक्षात घ्या, हे १९६०च्या दशकातल्या अमेरिकेत, म्हणजे घरटी मोटार हे स्वप्न खरे होत असताना. त्याच दशकात आवाराच्या मध्यभागात खासगी मोटारींना बंदी झाली. मोटारतळ कडेला गेले, मधे सायकल आणि पादचारी राहिले.

आवारात सोय झाली, पण फाटकाबाहेर काय? विद्यार्थी गावात राहत, आणि गावातल्या रस्त्यांवर मोटारी वाढत होत्या. फ्रँक चाइल्ड हे तिथले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. ते कुटुंबासह काही काळ नेदरलँड्समधील हेग येथे राहून परतले होते आणि तिथल्या सायकल मार्गांवर लुब्ध होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी ईव्ह यांनी गावात मोहीम उभारली. पत्रे, सह्या, बैठका असे सगळे रीतसर. नगर परिषदेने पहिल्यांदा दाद दिली नाही. मग १९६६ च्या नगर परिषद निवडणुकीत सायकल मार्ग हाच प्रचाराचा मुद्दा झाला आणि त्याच्या बाजूचे उमेदवार निवडून आले. पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, डेव्हिसच्या रस्त्यांवर सायकलसाठी आखलेल्या मार्गिका आल्या. आधुनिक अमेरिकेतल्या या पहिल्या मार्गिका मानल्या जातात. त्यासाठी राज्याच्या वाहतूक कायद्यात तरतूद करावी लागली होती.

मार्गिका कशी असावी, यावर तेव्हा कोणतेही तयार उत्तर नव्हते. म्हणून तीन प्रकार करून पाहिले गेले. उभ्या मोटारी आणि पदपथ यांच्या मधली, धावत्या मोटारींच्या कडेने पट्टा मारलेली आणि रस्त्यापासून पूर्ण वेगळी. मानसशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट सॉमर आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रयोगांचा अभ्यास केला. विद्यापीठ आपल्याच दारातल्या रस्त्यावर संशोधन करते आणि नगर परिषद ते वाचते, हा योग आपल्याकडे दुर्मीळच.

विद्यापीठाच्या आवारातली सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे सायकलींचे गोल चौक. दोन तासिकांमधल्या दहा मिनिटांत हजारो सायकली एकाच वेळी रस्त्यावर येतात. साध्या चौकात तेव्हा एकच गोंधळ झाला असता. सिग्नल लावला तर दहापैकी तीन मिनिटे थांबण्यातच जातील. म्हणून चौकाच्या मधोमध गोल बेट. नियम एकच, गोलात असलेल्याला आधी जाऊ द्यायचे, मग आपण शिरायचे. तिकडे वाहतूक उजवीकडून असल्याने सायकली घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, आपल्याकडे सरळ दिशेने फिरतील. एवढाच काय तो फरक. सप्टेंबरमध्ये नवे विद्यार्थी येतात तेव्हा पहिले काही दिवस या गोलांत धडपडणाऱ्यांची संख्या बरीच असते आणि जुने विद्यार्थी कडेला उभे राहून मजा बघतात.

यात भाड्याची सायकल कुठेच नाही. सायकल विद्यार्थ्याची स्वतःची. विद्यापीठ देते ते बाकीचे सगळे. लावायला भक्कम लोखंडी कठडे, आवारातच दुरुस्तीचे दुकान, सायकलची नोंदणी आणि टाकून दिलेल्या सायकली गोळा करून त्यांचा लिलाव. डेव्हिसमध्ये २०१८ साली ‘जंप’ कंपनीच्या भाड्याच्या ई-सायकली आल्या होत्याच. २०२० मध्ये महासाथीच्या काळात ती सेवा थांबली. विद्यार्थ्यांच्या सायकलींना त्याने काही फरक पडला नाही.

आपल्याकडे आयआयटीत सायकल का टिकली?

यासाठी कॅलिफोर्नियाचेच उदाहरण हवे असे नाही. खरगपूरची आयआयटी १९५१ मध्ये हिजलीच्या जुन्या बंदी छावणीच्या जागेत सुरू झाली. तिचे आवार २१०० एकरांचे आहे आणि तिथे सायकल नसलेला विद्यार्थी शोधावा लागतो. कानपूरला तेच. मद्रास आयआयटीत चितळ आणि काळवीट रस्ता ओलांडतात, त्यामुळे वाहनांचा वेग हा तिथे वन्यजीवांचाही प्रश्न आहे. तिथे विद्यार्थ्यांनी सायकल किंवा आवारातली बस वापरायची. पवईच्या आयआयटीतही विद्यार्थ्यांना मोटार वाहने ठेवता येत नाहीत. लांबच्या वसतिगृहांसाठी ‘टमटम’ फिरते आणि बाकी सायकल. पवईला चढ-उतार आहेत, पाऊस तर मुंबईचाच. तरी सायकल चालते.

थोडक्यात, ‘आपल्या हवेत सायकल चालत नाही’ या म्हणण्यात फार अर्थ नाही. खरा फरक दोन गोष्टींचा आहे. एक म्हणजे विद्यार्थ्यांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी. ती सर्वांना सारखी असल्याने सायकल ही गरिबीची खूण राहत नाही. श्रीमंताचा मुलगाही सायकलवर आणि शिष्यवृत्तीवर शिकणारी मुलगीही सायकलवर. दुसरी गोष्ट म्हणजे विद्यार्थी आवारातच राहतात. आपल्या राज्य विद्यापीठांत ही दुसरी गोष्ट पूर्णपणे आणता येणार नाही. तिथले असंख्य विद्यार्थी रोज शहरातून, उपनगरांतून येतात. त्यांना सायकल फाटकाच्या आत हवी, फाटकाबाहेर नव्हे. पुण्यात हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचा मार्ग विद्यापीठासमोरूनच जातो. स्थानकापासून विभागापर्यंतचा टप्पा कसा पार करायचा, हा प्रश्न आता अधिकच ठळक होणार.

अशा रोज ये-जा करणाऱ्यांसाठी फाटकाशी बंदिस्त सायकलतळ आणि तिथे ठेवलेली स्वतःची जुनी सायकल, हा सर्वांत स्वस्त मार्ग. रेल्वेने रोज येणारे लोक अनेक गावांत वर्षानुवर्षे हेच करतात. रात्री सायकल स्थानकाजवळच्या सायकल स्टँडवर, सकाळी उतरले की तिच्यावर बसून कारखान्यात. यात अ‍ॅप नाही की गुंतवणूकदार नाही, स्टँडवाल्याचा महिन्याचा पास तेवढा आहे. विद्यापीठांच्या सल्लागारांना ही गोष्ट सुचत नाही, कदाचित ती फारच जुनी असल्यामुळे. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात, हेही त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

मुलींची सायकल कुठे हरवते?

महाराष्ट्र सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात, मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल देण्याची योजना आहे. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्यांसाठी ती आहे. त्याहून लांबच्या मुलींसाठी एसटीची सोय. मराठवाड्यात, विदर्भात सकाळी शाळेच्या वाटेवर निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुलींची सायकलींची रांग दिसते ती अशा योजनांमुळेही.

ही मुलगी बारावी होते, पदवीला तालुक्याच्या महाविद्यालयात जाते आणि पुढे विद्यापीठात येते. सायकल घरी राहते, धाकट्या बहिणीला किंवा भावाला. गावात मैलभर एकटी सायकल हाणणारी मुलगी इथे फाटकापासून वसतिगृहापर्यंत बॅग सांभाळत चालते, आणि संध्याकाळी सातनंतर ग्रंथालयातून निघताना आणखी दोघी-तिघींची वाट पाहते. आवार मोठे, झाडी दाट, दिवे विरळ. अंधारात चालण्यापेक्षा सायकलवर पटकन निघून जाणे तिला सुरक्षित वाटते. पण त्यासाठी सायकल हवी आणि रस्त्याला दिवे हवेत. झाडांच्या फांद्या वाढून दिव्याच्या खाली आल्या की उजेड पानांवर पडतो, रस्त्यावर नाही. विद्युत विभाग आणि उद्यान विभाग यांची एक संयुक्त फेरी संध्याकाळी निघाली तर हे ध्यानात येईल. बहुतेक फेऱ्या सकाळी अकराला निघतात.

ई-सायकल आणि चोरी : नियम काय सांगतो?

अलीकडे विद्यार्थी विजेच्या सायकलींकडे वळत आहेत आणि फाटकावरचा सुरक्षारक्षक परवाना मागतो, अशा तक्रारी असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, मोटारची क्षमता २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग तासाला २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेली बॅटरीवरची दुचाकी ठरावीक अटी पाळत असेल तर ‘मोटार वाहन’ ठरत नाही. तिला नोंदणी नाही, चालवायला परवाना नाही. मात्र दुकानदाराने वेगाची मर्यादा काढून दिली असेल, तर ती सवलत संपली. विद्यापीठ स्वतःच्या आवारात वेगळा नियम करू शकते, म्हणून घेण्याआधी विचारलेले बरे.

चोरीच्या बाबतीत एक बदल फारसा कोणाला ठाऊक नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) नुसार, चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. शिवाय ५,००० रुपयांखालची अशी चोरी अदखलपात्र धरली जाते. म्हणजे जुनी सायकल चोरीला गेली तर पोलीस एनसी नोंदवतील, न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करणार नाहीत. विद्यार्थ्यांच्या बहुसंख्य जुन्या सायकली याच किमतीत बसतात. याचा अर्थ, सायकल शोधून देण्याचे काम व्यवहारात विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाकडेच येते. फाटकावर फ्रेमचा क्रमांक टिपणारे एक रजिस्टर असेल तरच ते शक्य आहे. हा क्रमांक बहुधा पॅडलच्या धुऱ्याखाली ठोकलेला असतो. सायकल उलटी करून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायला अर्धे मिनिट लागते.

मे महिन्यात सायकली कुठे जातात?

सायकलप्रधान आवारांचे एक दुखणे सगळीकडे सारखे. अंतिम वर्षाचे विद्यार्थी निघून जातात आणि सायकल वसतिगृहाच्या कठड्याला तशीच राहते. पहिल्या पावसात चेन गंजते, दुसऱ्या पावसात टायर फाटतो, तिसऱ्या वर्षी ती भंगारात जाते. तोवर तिने चालत्या सायकलची जागा अडवलेली असते. यावर डेव्हिसची पद्धत सरळ आहे. न हललेल्या सायकलला चिठ्ठी लावायची, मुदत द्यायची, मग उचलून लिलावात काढायची. आपल्याकडे ‘मालकी हक्काचा प्रश्न येईल’ म्हणून कोणी हात लावत नाही. प्रवेशाच्या वेळी भरून घेतल्या जाणाऱ्या अर्जात एक ओळ वाढवली तर हा प्रश्न सुटतो. निघताना सायकल न नेल्यास ती ठरावीक दिवसांनी विद्यापीठाकडे जमा होईल, एवढेच. जमा झालेल्या सायकली दुरुस्त करून जूनमध्ये नव्या मुलांना कमी किमतीत द्यायच्या. दुरुस्तीचे काम ‘कमवा व शिका’मधल्या मुलांना देता येईल, हाताखाली एक जाणता मिस्त्री असला की पुरे.

जुनी सायकल घेताना काय पाहावे?

नवी गिअरची सायकल आवारासाठी लागत नाही. गिअर जितके जास्त तितकी दुरुस्ती जास्त, आणि आवारातला पंक्चरवाला गिअर बसवेलच असे नाही. मडगार्ड, कॅरिअर आणि साइड स्टँड असलेली साधी काळी सायकल पावसात कपडे वाचवते आणि पुस्तके वाहते. घेताना दोन्ही चाके उचलून फिरवून पाहावीत. रिम ब्रेकच्या रबराला एका बाजूला घासत असेल तर चाकाला आऊट आहे. तो काढून घ्यायला सांगावा. पॅडल धरून डावी-उजवीकडे हलवावे, खटखट वाजले तर आतले बेअरिंग गेले. चेन ढिली असणे चालते, गंजलेली आणि आखडलेली चालत नाही. टायरच्या बाजूला भेगा असतील तर ट्यूब कितीही नवी असो, महिन्यात खर्च येणार.

विकणारा विद्यार्थीच असेल तर कागदावर त्याचे नाव, फ्रेमचा क्रमांक आणि सही घ्यावी. कुलूप मात्र जुने घेऊ नये. मागच्या चाकाला बसवलेले घोड्याच्या नालासारखे कुलूप चाक अडवते, सायकल उचलून नेणाऱ्याला नाही. जोडीला साखळी हवी, आणि ती फ्रेम आणि मागचे चाक दोन्हींतून ओवून कठड्याला बांधायची. नुसते पुढचे चाक बांधले तर संध्याकाळी तेवढे पुढचे चाकच जागेवर सापडते.